पावसाळ्याआधी गावच्या पाझर तलावाचा बांध कसा तपासायचा

मे महिन्यात तलाव आटलेला असतो तेव्हाच हे उरकून घ्या, एकदा पाणी चढलं की आतलं पिचिंग (बांधाच्या पाण्याकडच्या उतारावर बसवलेले दगड) कुठं ढासळलंय ते दिसत नाही. आपल्याकडचे कितीतरी पाझर तलाव ७२ च्या दुष्काळी कामांवर झालेत, म्हणजे ती माती पन्नाशी ओलांडलेली आहे.

सगळ्यात आधी सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, बघा. मातीच्या बांधावरून पाणी गेलं की खेळ खल्लास, भराव वाहून जायला फार वेळ लागत नाही, म्हणून सांडव्यातला गाळ, झुडपं, कोणी टाकलेलं कुंपण सगळं काढायचं. आणि जास्त पाणी अडवायचं म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचणारे महाभाग प्रत्येक गावात असतात, त्यांना सरळ नाही म्हणा, मग भले ते सरपंचाचे भाऊबंद असोत.

मग बांधाच्या माथ्यावरून चाला. खचलंय का, लांबीच्या दिशेनं भेग आहे का, घुशीची बिळं आहेत का. झुडपं कापा पण मोठी बाभूळ मुळासकट उपटू नका, तिथं भराव पोकळ होतो. गाळ काढायला आलेल्या जेसीबीवाल्याला बांधाचा पायथा उकरू देऊ नका.

तलाव भरला की रोज खालच्या बाजूला फेरी मारा. थोडा पाझर असतोच, घाबरायचं नाही, ते पाणी बिसलेरीच्या बाटलीत धरून थोडा वेळ ठेवा. नितळ राहिलं तर ठीक, तळाला माती बसली तर बांध आतून पोखरतोय. अशा जागी लोक काळी माती थापून भोक बुजवतात, ते अजिबात करू नका, पाणी दुसरीकडून फुटतं. आधी जाड वाळू, त्यावर बारीक खडी, त्यावर दगड असा थर द्या, म्हणजे पाणी निघतं पण माती अडते. ही तात्पुरती मलमपट्टी आहे, तेवढ्यात तलाठ्याला आणि जलसंधारणच्या इंजिनिअरला फोन करा, फोटो पाठवा, लेखी अर्जाची पोच घ्या.

गढूळ धार वाढत चालली तर मात्र तिथं थांबायचंच नाही, ओढ्याकाठची घरं आधी रिकामी करा, रात्र असली तरी. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ ला रात्रीच फुटलं, गळतीच्या तक्रारी आधीपासून होत्या आणि नंतर खापर फुटलं खेकड्यांवर.