डेटा लॉगरवरील आरपीएमचा आलेख स्वच्छ कसा झाला

आमच्या शर्यतीच्या गाडीतील डेटा लॉगरवर, म्हणजे गाडीतील मोजमापे नोंदवणाऱ्या यंत्रावर, चार सिलिंडरच्या इंजिनाच्या आरपीएमचा (दर मिनिटाच्या फेऱ्यांचा) आलेख 4500 च्या पुढे दातेरी होत असे आणि मधूनच एखादा सुळका थेट 12000 पर्यंत जाई. इंजिन इतके फिरत नव्हते हे उघड होते, कारण गिअर तोच असताना आणि क्लच पूर्ण पकडलेला असताना आरपीएम आणि चालक चाकांचा वेग यांचे गुणोत्तर बदलूच शकत नाही.

आरपीएमचा सिग्नल इग्निशन कॉइलच्या (ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणाऱ्या कॉइलच्या) प्रायमरी गुंडाळीच्या ऋण टोकावरून घेतलेला होता. प्रवाह तुटताच तिथे काहीशे व्होल्टचा झटका उठतो आणि व्होल्टेज काही क्षण थरथरत राहते. ऑसिलोस्कोपवर एका ठिणगीमागे अनेक शिखरे दिसली आणि लॉगर त्यांना स्वतंत्र पल्स समजत होता. म्हणून कॉइलजवळच 10 किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये जोडला आणि लॉगरच्या इनपुटपासून ग्राउंडला 10 नॅनोफॅरडचा कपॅसिटर दिला. या जोडीचा कालस्थिरांक (व्होल्टेजमधील बदलाला ती किती वेळात प्रतिसाद देते त्याचे माप) 0.1 मिलिसेकंद भरतो, तर फेऱ्यामागे एक पल्स धरल्यास 6000 आरपीएमलाही दोन पल्समध्ये 10 मिलिसेकंदांचे अंतर असते. त्यामुळे खरा पल्स शाबूत राहतो आणि थरथर गाळली जाते.

वायरिंगकडे मात्र सर्वांत जास्त लक्ष द्यावे, असे माझे ठाम मत आहे. सिग्नलची जुनी वायर स्पार्क प्लगच्या हाय टेन्शन (उच्च व्होल्टेजच्या) वायरींना खेटून जात होती. तिच्याऐवजी शिल्डेड (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारे धातूचे आवरण असलेली) केबल वेगळ्या मार्गाने नेली आणि शिल्ड फक्त लॉगरच्या टोकाला ग्राउंड केले. प्लगही रेझिस्टरवाले बसवले. सॉफ्टवेअरमधील स्मूदिंग (आलेखातील चढउतार सपाट करणारी सोय) मी बंदच ठेवले, कारण त्याने आलेख देखणा होतो, पण गिअर बदलतानाची आरपीएमची खरी घसरणही पुसट होते.