बादलीत खितपत पडलेलं कासव घरी आणलंय? आधी ऊब द्या, खाणं नंतर

सांगली-मिरजेकडं काय आणि साताऱ्यात काय, वास्तूला चांगलं म्हणून नाण्याएवढं हिरवं पिल्लू घरी येतं आणि ते ताटलीएवढं झालं, पाण्याला वास सुटला की गॅलरीतल्या बादलीत जाऊन पडतं. असं कासव तुमच्याकडं आलं असेल तर पुढचं नीट वाचा.

आधी ते कुठलं आहे बघा. डोळ्यामागं लाल पट्टा असेल तर ते रेड इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं. पाठ चामड्यासारखी मऊ आणि चपटी असेल किंवा कवचावर चांदण्या असतील तर ते आपल्याकडचं आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते घरी ठेवता येत नाही, वनखात्याला १९२६ वर फोन करा.

आता स्लायडरचं. सगळे पहिल्यांदा खायला घालतात, ते नका करू. कासवाचं अंग स्वतःहून गरम राहत नाही, गार पडलेलं असेल तर पोटातलं पचतच नाही आणि थंडीत साताऱ्याचं नळाचं पाणी कसं असतं ते आपल्याला माहितीये. मोठ्या टबात कोमट पाणी घ्या, हाताला जेमतेम ऊब लागेल एवढंच, आणि उंची अशी ठेवा की मान वर केली की नाक बाहेर येईल, कारण अशक्त कासव खोल पाण्यात बुडून मरू शकतं. अर्धा तास त्यात राहू द्या. पाठीवरचं शेवाळ मऊ ब्रशनं हलक्या हातानं काढा, साबण नको, सुटत आलेले पापुद्रे ओढू नका. आणि पाठीला खोबरेल चोळू नका, चमक येते पण फायदा काही नाही.

मग कायमची सोय. पाणी २५-२६ अंशावर राहील असा हीटर, आणि पूर्ण बाहेर येऊन अंग कोरडं करता येईल अशी जागा, वीट किंवा फळी चालेल पण हलता कामा नये. त्यावर साधा पिवळा बल्ब लावून ३०-३२ अंश ऊब द्या आणि शेजारी युव्हीबीची, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी, ट्यूब लावा. युव्हीबीशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही, कवच मऊ पडतं, आणि काचेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हात युव्हीबी जवळजवळ नसतंच. सकाळचं कोवळं ऊन फुकट आहे, टबात अर्धी सावली करून थोडा वेळ ठेवा, पण शेजारी बसून राहा, कावळे-मांजरं असतात. काचेची टाकी मात्र उन्हात कधीच ठेवू नका, आतलं पाणी तापून कासव मरतं.

दोनेक दिवसांनी अंगात हालचाल आली की खाणं, तेही पाण्यातच, कारण स्लायडरला गिळायला पाणी लागतं. चांगले टर्टल पेलेट, म्हणजे कासवाच्या तयार खाण्याच्या गोळ्या, थोडे, सोबत लेट्यूस, किसलेलं गाजर, धुतलेली जलपर्णी. नुसती सुकी कोळंबी देऊन वर्षं काढलेली कासवं अशीच अशक्त होतात. भात, ब्रेड, चपाती बंद. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, त्याचा तुकडा पाण्यात टाका, कॅल्शियमसाठी ते कुरतडतात.

डोळे सुजून मिटलेले, नाकातून फुगे, पोहताना एका बाजूला कललेलं, कवचावर मऊ दुर्गंधी येणारे खड्डे, यातलं एक जरी दिसलं तरी घरगुती उपाय करत बसू नका. सरपटणारे प्राणी बघणारा पशुवैद्य शोधा, शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातही चौकशी करता येईल. आणि कासवाला हात लावल्यावर साबणानं हात धुवा, लहान मुलांचे तर नक्कीच, साल्मोनेला नावाचा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

सांभाळणं झेपत नसेल तरी सांगलीच्या आयर्विन पुलावरून किंवा साताऱ्याजवळच्या माहुलीच्या संगमावर ते नदीत सोडू नका हो, पुण्य लागत नाही त्यानं. हे परदेशी कासव कृष्णेतल्या आपल्या कासवांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा बळकावतं, रोगही पसरवतं. एखादं चांगलं घर शोधा आणि देताना हीटर-बल्बसकट द्या, आणि हे २०-३० वर्षं जगतं तेही आधीच सांगून टाका.