व्हॅक्यूम कन्व्हेइंगसाठी पर्यायी ब्लोअर निवडताना या चुका टाळा

व्हॅक्यूम कन्व्हेइंग म्हणजे दाणा, पीठ असा माल हवेबरोबर पाइपमधून ओढून नेणं. ती हवा ओढणारा ब्लोअर बंद पडला की सगळी लाइन उभी राहते, आणि घाईत निरोप जातो: ‘तेवढ्याच एचपीचा मिळेल तो आणा.’ बहुतेक चुकांचं मूळ या एका वाक्यात आहे. एचपीवरून मोटरची ताकद कळते. त्या ताकदीतून किती हवा ओढली जाईल आणि किती व्हॅक्यूम मिळेल, हे ब्लोअरच्या जातीवर ठरतं. सेंट्रिफ्युगल ब्लोअर भरपूर हवा ओढतो, पण लांब लाइनला लागणारा व्हॅक्यूम त्याच्याकडून मिळत नाही. साइड चॅनलचे (गोल खाचेत पंखा फिरवणारे) बहुतेक ब्लोअर २०० ते ३०० मिलिबार व्हॅक्यूमपर्यंत काम करतात, तर रूट्स (शेजारी फिरणाऱ्या दोन रोटरनी हवा ढकलणारे) साधारण ५०० मिलिबारपर्यंत. एचपी सारखा असला म्हणून यांची अदलाबदल होत नाही.

त्याआधी जुना ब्लोअर खरंच गेलाय का, ते बघा. माल येत नाही आणि ब्लोअरजवळचं गेज नेहमीपेक्षा जास्त व्हॅक्यूम दाखवतंय, तर फिल्टर किंवा लाइन चोक आहे. नवा ब्लोअर लावूनही तेच होईल. गेज कमी दाखवत असेल तर गळती, सैल बेल्ट, उघडा राहिलेला रिलीफ व्हॉल्व्ह (व्हॅक्यूम मर्यादेबाहेर गेला की बाहेरची हवा आत घेणारा) आणि झिजलेले रोटर यांचा संशय घ्या, आणि याच क्रमाने तपासा. रोटर शेवटी, कारण ते सगळ्यात महाग आहेत.

आता सगळ्यात जास्त पैसे बुडवणारी चूक. हवेचा आकडा कोणत्या दाबाला मोजलाय, हे न विचारणं. समजा पाइपचा आतला व्यास ५० मिमी आहे आणि दाणा उचलायला सुरुवातीच्या टोकाला सेकंदाला २० मीटर वेग हवा आहे. तिथे ताशी सुमारे १४१ घनमीटर हवा लागेल. पण ब्लोअरपाशी ४०० मिलिबार व्हॅक्यूम असेल, तर तिथला खरा दाब बाहेरच्या हवेचा १०१३ वजा ४००, म्हणजे ६१३ मिलिबार. तीच हवा तिथे पोचेपर्यंत फुगून ताशी सुमारे २३३ घनमीटर होते. रोटरी व्हॉल्व्ह (माल खाली सोडणारा, फिरत्या पात्यांचा) आणि गॅस्केटमधून शिरणारी हवा वेगळी धरायची. आता कोणी ‘१४१ लागते ना’ म्हणून सक्शनला १५० घनमीटर ओढणारा ब्लोअर लावला, तर तेवढ्याच व्हॅक्यूमला दाण्यापाशी वेग सेकंदाला १३ मीटरच्याही खाली येतो. दाणा पाइपच्या तळाशी बसू लागतो आणि लाइन पुन्हा पुन्हा चोक होते. मग दोष ऑपरेटरवर येतो, ते मला फार अन्यायाचं वाटतं. म्हणून पुरवठादाराला विचारा: माझ्या चालू व्हॅक्यूमला, सक्शनच्या तोंडाशी, या आरपीएमला किती घनमीटर? उत्तर ब्लोअरच्या कर्व्हवर, म्हणजे व्हॅक्यूम आणि हवेच्या आलेखावर, दाखवून मागा.

एककांचा घोळही इथेच होतो. ४०० मिमी पारा म्हणजे ५३३ मिलिबार. नुसतं ‘४०० व्हॅक्यूम’ असं लिहून ऑर्डर देऊ नका.

‘मग मोठाच घेऊ’ हाही उपाय नाही. वेग वाढला की बेंड झपाट्याने झिजतात, नाजूक माल फुटतो, प्लास्टिकचा दाणा घासून त्याचे केसासारखे धागे सुटतात आणि फिल्टर गच्च होतो. पुली बदलून किंवा मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह लावून वेग उतरवता येतो, पण रूट्समध्ये रोटरच्या फटीतून मागे गळणारी हवा आरपीएमबरोबर फारशी कमी होत नाही. त्यामुळे आरपीएम निम्मा केला की हवा निम्म्याहूनही कमी मिळते, शिवाय ब्लोअर जास्त तापतो. कमीत कमी किती आरपीएम चालेल, ते लेखी घ्या.

प्रेशरसाठी बनवलेला रूट्स उलटा जोडून व्हॅक्यूमला वापरण्याआधी सीलबद्दल विचारा. सील व्हॅक्यूमसाठी योग्य नसतील तर गिअरकेसमधलं तेल आत ओढलं जातं. रिलीफ व्हॉल्व्ह नव्या ब्लोअरच्या मर्यादेनुसार पुन्हा सेट करा. जुनं सेटिंग जास्त असेल तर केसिंग तापून रोटर एकमेकांना घासतात. सेंट्रिफ्युगल ब्लोअरची सवय असलेला माणूस सक्शन बंद ठेवून मशीन सुरू करतो, कारण तिथे लोड कमी होतो. रूट्समध्ये उलट आहे, लोड वाढतो.

कॅटलॉग ६० हर्ट्झचा असेल आणि वीज ५० हर्ट्झची, तर थेट जोडलेल्या मोटरचा वेग सहाव्या भागाने कमी धरा. समुद्रसपाटीपासून उंचावर असाल तर १०१३ ऐवजी तिथला दाब घ्या. पीठ, साखर अशी पेट घेणारी धूळ असेल तर मोटर, अर्थिंग आणि फिल्टर त्या धुळीसाठीच प्रमाणित असलेले घ्या.

बसवल्यावर आधी रिकाम्या लाइनवर, मग पूर्ण मालावर व्हॅक्यूम, अँपिअर आणि डिस्चार्जचं तापमान मोजा, आणि ते आकडे गेजशेजारी रंगाने लिहून ठेवा.