लिनक्सवर पायथन बसवताना या चुका टाळा

उबुंटू २२.०४ सोबत पायथन ३.१० येतं, २४.०४ सोबत ३.१२ आणि डेबियन १२ सोबत ३.११. तिकडे पायथनची नवी आवृत्ती दर वर्षी ऑक्टोबरात येते. त्यामुळे आज ना उद्या मशीनवरचं पायथन जुनं वाटायला लागतं, एखादी लायब्ररी नवीन आवृत्ती मागते आणि हात शिवशिवायला लागतात: जुनं काढून नवं टाकून देऊ. इथेच थांबा.

ते पायथन सिस्टीमच्या मालकीचं आहे. उबुंटूत नवी रिपॉझिटरी (पॅकेजेस जिथून उतरतात ती जागा) जोडणारी कमांड पायथन स्क्रिप्ट आहे. चुकीची कमांड टाकली की 'अमुक पॅकेज बसवून बघा' असं सुचवणारी सोयही पायथनवरच चालते. फेडोराच्या डीएनएफची, म्हणजे तिथल्या पॅकेजेस बसवणाऱ्या टूलची, गाडीसुद्धा अनेक वर्षं त्याच्यावरच चालत होती. खालच्या बहुतेक भानगडी सिस्टीमचं पायथन आणि आपलं पायथन यांची सरमिसळ केल्यानेच होतात. (कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाकायच्या.)

जुनं पायथन काढणं किंवा त्याची लिंक फिरवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. 'सुडो एपीटी रिमूव्ह पायथन३' टाकलं (सुडो म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काने, एपीटी म्हणजे डेबियन-उबुंटूचं पॅकेजेस बसवणारं-काढणारं टूल) की एपीटी काय काय काढणार त्याची लांबलचक यादी दाखवतं आणि हो की नाही विचारतं. त्या यादीत डेस्कटॉपचं अख्खं पॅकेजही असतं. यादी न वाचता एंटर दाबला, की पुढच्या बूटला काळा पडदा आणि लॉगिन प्रॉम्प्ट. असं झालंच असेल तर 'व्हार/लॉग/एपीटी' मधली हिस्टरीची फाईल उघडा. काय काय निघालं ते तिथे तारीख-वेळेसकट लिहिलेलं असतं. ती पॅकेजेस परत बसवा, उबुंटू असेल तर 'उबुंटू-डेस्कटॉप' हे पॅकेजही.

दुसरा प्रकार जास्त फसवा. नवं पायथन शेजारी बसवलं, इथवर ठीक. मग 'अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज' वापरून 'पायथन३' ही कमांड ३.१० ऐवजी ३.१२ कडे वळवली. आवृत्ती विचारली की ३.१२ दिसतं, म्हणून आपण खूश. नंतर कधीतरी टर्मिनलच्या आयकॉनवर क्लिक करावं तर कर्सर क्षणभर फिरतो आणि काहीच उघडत नाही. 'एपीटी अपडेट' शेवटी 'नो मॉड्यूल नेम्ड एपीटी_पीकेजी' म्हणत मान टाकतं.

कारण साधं आहे. एपीटीचं ते मॉड्यूल सी++ मधून कंपाइल केलेलं असतं आणि त्याच्या फाईलच्या नावातच 'सीपायथन-३१०' असं लिहिलेलं असतं. ३.१२ आपल्या नावाची फाईल शोधतं, ती सापडत नाही. टर्मिनलचंही तसंच: उबुंटूवरचं ग्नोम टर्मिनल एका पायथन स्क्रिप्टमधून सुरू होतं आणि तिला लागणारं मॉड्यूलही सिस्टीमच्या आवृत्तीसाठीच बांधलेलं असतं.

उपाय असा: कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून टेक्स्ट कन्सोलवर जा, लॉगिन करा, 'अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज' मधल्या पायथन३ च्या सगळ्या नोंदी काढून टाका आणि 'यूएसआर/बिन' मधली पायथन३ ची लिंक पुन्हा मूळ आवृत्तीकडे वळवा. दोन-तीन कमांडचं काम आहे. डिस्ट्रो, म्हणजे अख्खं लिनक्स, नव्याने बसवायची अजिबात गरज नाही, पण घाबरून लोक नेमकं तेच करतात.

नवी आवृत्ती हवी असेल तर तिला तिच्या पूर्ण नावाने हाक मारा: 'पायथन३.१२'. उबुंटूसाठीची डेडस्नेक्स रिपॉझिटरी नव्या आवृत्त्या अशाच शेजारी आणून ठेवते, जुन्याला धक्का लावत नाही.

सुडो लावून पिप चालवणं

पिप (पायथनच्या लायब्ररी बसवणारं टूल) आणि एपीटी एकमेकांना ओळखत नाहीत. सुडोने चालवलेलं पिप आपली पॅकेजेस डेबियन-उबुंटूवर 'यूएसआर/लोकल/लिब' खाली टाकतं, एपीटीची असतात 'यूएसआर/लिब' मध्ये. पायथन मॉड्यूल शोधताना आधी लोकलमध्ये बघतं. म्हणजे तुमच्या एका प्रयोगासाठी आणलेली नवी लायब्ररी सिस्टीमच्या स्क्रिप्टच्याही वाट्याला येते, आणि मग कुठलं तरी असंबंधित टूल भलत्याच एररने बंद पडतं.

या कटकटीला कंटाळूनच डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून पिपला आडकाठी घातली गेली. आता थेट इन्स्टॉल करायला गेलं की 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्न्मेंट' हा एरर येतो. त्या संदेशातच '--ब्रेक-सिस्टीम-पॅकेजेस' या पर्यायाचा उल्लेख असतो, आणि घाईतला माणूस तोच उचलतो. नावात 'ब्रेक' आहे, तरीही! डिस्पोजेबल कंटेनर (वापरून फेकून द्यायचं वेगळं वातावरण) असेल तर वापरा, रोजच्या मशीनवर नको.

योग्य रस्ता व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटचा, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरत्या पायथनच्या वेगळ्या फोल्डरचा. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन 'पायथन३ -एम व्हीएन्व्ह .व्हीएन्व्ह' टाका, तयार झालेल्या फोल्डरच्या 'बिन' मधली अ‍ॅक्टिव्हेट स्क्रिप्ट 'सोर्स' कमांडने चालवा आणि मग पिप चालवा. डेबियन कुळात इथे पहिलाच खडा लागतो: 'एन्शुअरपिप उपलब्ध नाही'. पायथन बिघडलेलं नसतं. डेबियनने तो भाग वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवलाय एवढंच. 'पायथन३-व्हीएन्व्ह' बसवा, अर्धवट तयार झालेला फोल्डर काढून टाका आणि पुन्हा बनवा.

एन्व्हायर्न्मेंट चालू असताना सुडो मात्र लावू नका. सुडो तुमचा पाथ (कमांड ज्या फोल्डर्समध्ये शोधायची त्यांची यादी) बाजूला ठेवून स्वतःचा ठरलेला पाथ वापरतं, त्यामुळे 'सुडो पिप' म्हणजे पुन्हा सिस्टीमचंच पिप. कोड फॉरमॅट करणारी किंवा व्हिडिओ उतरवणारी कमांड लाइन टूल्स हवी असतील तर पिपएक्स वापरा. प्रत्येक टूलला ते आपोआप वेगळं एन्व्हायर्न्मेंट देतं.

सोर्समधून कंपाइल करताना

खरं सांगायचं तर मूळ कोडपासून पायथन स्वतः बांधायची बहुतेकांना गरजच नसते. यूव्ही हे टूल तयार पायथन उतरवून देतं, मिनिटभरात काम होतं. तरी करायचंच असेल, तर आधी डेव्हलपमेंट पॅकेजेस बसवा: ओपनएसएसएल, झेडलिब, एफएफआय, एसक्यूलाइट, रीडलाइन, झालंच तर बीझिप२ आणि एलझेडएमए. ती नसली तरी कंपाइल बिनबोभाट पार पडतं, हीच गोम आहे. मेकच्या (कोड बांधणाऱ्या कमांडच्या) शेवटी 'या मॉड्यूल्ससाठी लागणाऱ्या गोष्टी सापडल्या नाहीत' अशी चार ओळींची नोंद येते आणि ती वर सरकून जाते. नंतर पिपला एचटीटीपीएसवरून काही उतरवता येत नाही, कारण एसएसएल मॉड्यूलच नाही. प्रॉम्प्टवर वरचा बाण दाबला आणि मागची ओळ येण्याऐवजी '^[[ए' उमटलं, तर रीडलाइन राहिली समजा. पॅकेजेस बसवून कॉन्फिगरपासून सगळं परत करावं लागतं. पायथनच्या अनेक आवृत्त्या सांभाळणारं पायएन्व्ह हे टूलही आतून कंपाइलच करतं, त्यामुळे हीच यादी त्यालाही लागू.

शेवटी 'मेक इन्स्टॉल' नको, 'मेक ऑल्टइन्स्टॉल' करा. पहिलं 'पायथन३' या नावावर हक्क सांगतं, दुसरं फक्त 'पायथन३.१२' सारखं पूर्ण नाव बसवतं.

किरकोळ, पण तास खाणाऱ्या गोष्टी

'पायथन: कमांड नॉट फाउंड' दिसलं की पायथन नाही असं समजू नका. पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, आणि उबुंटू २०.०४ पासून नुसत्या 'पायथन' नावाची कमांड मुळात येतच नाही. 'पायथन३' वापरा, नाहीतर 'पायथन-इज-पायथन३' हे पॅकेज बसवा.

नवी आवृत्ती बसवली तरी जुनीच चालते? 'टाइप -ए पायथन३' टाका. पाथमध्ये त्या नावाचं जे जे आहे ते, एलियास (कमांडला दिलेली टोपणनावं) धरून, क्रमाने दिसेल. बॅश (टर्मिनलमध्ये कमांड चालवणारा शेल) एकदा सापडलेली जागा लक्षात ठेवतं, तेव्हा 'हॅश -आर' करून बघा. होम फोल्डरमधलं '.लोकल/बिन' पाथमध्ये नसेल तर एकदा लॉगआउट करून परत या; उबुंटूवर ते फोल्डर असल्यास लॉगिनच्या वेळी जोडलं जातं.

एन्व्हायर्न्मेंटचा फोल्डर दुसरीकडे हलवला की त्यातल्या स्क्रिप्ट मोडतात, कारण पहिल्या ओळीत पूर्ण पाथ लिहिलेला असतो. डिस्ट्रो अपग्रेड केल्यावरही तेच, खालचं पायथनच बदललेलं असतं. दुरुस्त करत बसू नका, रिक्वायरमेंट्सच्या फाईलवरून (लागणाऱ्या लायब्ररींच्या यादीवरून) नवं बनवा.

आणि सगळं नीट असूनही 'रँडम' मॉड्यूलमध्ये अमुक फंक्शन नाही असा एरर आला, तर आपल्याच फोल्डरमध्ये 'रँडम.पीवाय' नावाची फाईल आहे का ते पाहा. पायथन आधी स्क्रिप्टच्या शेजारी शोधतं. ३.१३ पासून एररमध्येच फाईलचं नाव बदलायला सुचवलं जातं. त्याआधीच्या आवृत्त्यांवर ते आपल्यालाच ओळखावं लागतं.