कोकणात दोघंच जाताय? या चुका टाळा

कोकणची ट्रिप बिघडते ती बहुतेक वेळा घरबसल्या बुकिंग करतानाच. खोलीचे फोटो आवडले, खिडकीतून समुद्र दिसतोय, पैसे भरून मोकळे. तिथी कुठली, जत्रा कुठली, वारा कसा, गाडी कुठल्या स्टेशनावर उतरवणार, हे कुणी पाहिलेलंच नसतं. मालदीवच्या रिसॉर्टमध्ये हे सगळं तुमच्या वतीने दुसरं कुणीतरी जुळवतं. इथे समुद्र त्याच्या वेळेने चालतो, गाव गावाच्या, आणि पाहुण्यांना त्यात बसवून घ्यावं लागतं. म्हणून हॉटेलच्या साइटआधी कालनिर्णय उघडा.

'आम्हाला बेटावर राहायचंय'

मालवणकडे येणारी बरीच जोडपी हे विचारतात. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला आहे. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी त्याची पायाभरणी केली. तिथे बोटीने जायचं, शिवराजेश्वराचं मंदिर आणि खाऱ्या पाण्याच्या मधोमध असलेल्या गोड्या पाण्याच्या दूधबाव, साखरबाव, दहीबाव बघायच्या आणि बोटवाल्याने दिलेल्या वेळेत धक्क्यावर परतायचं. मुक्कामाची सोय नाही. देवबागजवळचं 'त्सुनामी आयलंड' हे कर्ली नदीच्या मुखाजवळचं वाळूचं बेट आहे, भरती आली की त्यावर पाणी चढतं. फोटोत पांढरीशुभ्र वाळू बघून भर भरतीच्या वेळी पोचलेली जोडपी गुडघाभर पाण्यात उभी राहून हिरमुसतात.

दोन्ही बाजूंना पाणी हवं असेल तर देवबाग आहेच: एका अंगाला कर्ली, दुसऱ्याला समुद्र, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. पण बुकिंग करताना खोली नदीच्या बाजूची की समुद्राच्या, हे विचारा. 'सी साइड' या शब्दावर जाऊ नका, चालत किती मिनिटं आणि मध्ये रस्ता आहे का ते विचारा. शिवाय देवबाग म्हणजे वॉटर स्पोर्ट्सचा बाजार. सकाळपासून जेट स्कीचा आवाज. शांतता हवी असेल तर कर्लीच्या पलीकडे भोगवे, निवती, खवणे बघा. भोगवे देवबागेतून समोर दिसतं, बोटीने काही मिनिटांचं काम. गाडीने मात्र भलामोठा वळसा पडतो. दोन्हीकडे एकेक रात्र राहू असा बेत कागदावर छान दिसतो आणि अर्धा दिवस खाऊन टाकतो.

तिथी न बघता जाणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती टाळायला एक पैसा लागत नाही. किनाऱ्यावरच्या लोकांचा साधा हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या आसपास पूर्ण भरती. अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहा. पौर्णिमा-अमावास्या म्हणजे पंधरावी तिथी, तेव्हा सव्वाअकराच्या आसपास. तिथून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. गणित ढोबळ आहे, जागेप्रमाणे तास-अर्धा तास इकडेतिकडे होतं, पण खोली ठरवायला पुरेसं आहे.

आता हे तुमच्या सुट्टीला लावून बघा. संध्याकाळी सूर्य बुडताना ओल्या वाळूवर लांबवर चालायचं, हे चित्र मनात घेऊन तुम्ही अष्टमीला पोचलात तर सहा वाजता पूर्ण भरती असते. चालायला वाळू कमीच उरते. पौर्णिमेच्या आसपास गेलात तर भरती दुपारी होऊन गेलेली असते, संध्याकाळी पाणी पार आत गेलेलं, किनारा मैदानासारखा पसरलेला, आणि पश्चिमेला सूर्य जाताना मागच्या माडांतून चंद्र वर येतो. एकच खोली, एकच भाडं, फक्त आठवडा वेगळा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं हे मात्र विसरू नका. पाण्याची ओढ जास्त असते, तेव्हा चाला भरपूर, पोहायला उतरू नका.

बोटीचे सगळे कार्यक्रम सकाळचे ठेवा. दुपारनंतर वारा उठतो, लाटा वाढतात, डॉल्फिन शोधत फिरणं राहतं बाजूला आणि पोटात ढवळायला लागतं. ज्याला बोट लागते त्याने गोळी बोटीत बसायच्या आधी अर्धा तास घ्यावी. बोटीत बसल्यावर घेऊन काही उपयोग नाही.

महिना चुकवणं

मेच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत प्रवासी बोटी आणि वॉटर स्पोर्ट्स बंद असतात, म्हणजे सिंधुदुर्ग किल्लाही लांबूनच बघायचा. यांत्रिक बोटींच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. जुलैत कुणी 'एकदम ताजी सुरमई' म्हणून ताट पुढे केलं तर ती बर्फातली आहे असं समजून चाला. पावसात यायचं तर पावसासाठी या: आंबोली, भरलेले ओहोळ, शेतातले चढणीचे मासे. समुद्र बघायचा, उतरायचं नाही.

गणपतीत जोडीने निवांत राहायला येऊ नका. चाकरमानी घरी आलेले असतात, होमस्टेच्या खोल्यांत मालकांचेच भाऊ-पुतणे झोपलेले असतात, रेल्वेत पाय ठेवायला जागा नसते. शिमग्याचंही तेच. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख तर तिथीवर ठरतच नाही, देवीचा कौल घेऊन जाहीर होते. फेब्रुवारीच्या आगेमागे यायचं असेल तर ती तारीख कळल्याशिवाय मालवण परिसरात काही बुक करू नका. महाशिवरात्रीला कुणकेश्वर टाळा. नाताळ ते १ जानेवारीबद्दल तर बोलायलाच नको. दर दुप्पट आणि शेजारच्या खोलीत पुण्याचा एखादा ग्रुप कराओके लावून बसलेला.

नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत, किंवा जानेवारीचा उत्तरार्ध, तोही सोमवार ते गुरुवार: यापेक्षा चांगला काळ मला माहीत नाही. याच दिवसांत गावोगावी जत्रा असतात आणि देवळासमोर रात्रभर दशावतार चालतो. बायकोला कॅंडल लाइट डिनरला न्यायचा बेत असेल तर तो रद्द करून तिला दशावताराला न्या, कानटोपी आणि सतरंजी घेऊन. हापूससाठी एप्रिल-मे गाठायचा तर घामाची तयारी ठेवा आणि खोलीत एसीबरोबर इन्व्हर्टर आहे का तेही विचारा.

किलोमीटर मोजून बेत आखणं

चार दिवसांत दापोली, गुहागर, गणपतीपुळे, मालवण. अशी यादी घेऊन निघालेलं जोडपं चौथ्या दिवशी एकमेकांशी बोलत नसतं. कोकणात तास मोजायचे. मध्ये खाड्या आहेत, वळणं आहेत, महामार्गाची कामं आहेत. खाडी ओलांडायला दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, जयगड-तवसाळ, दिघी-आगरदांडा अशा जंगलजेट्टी आहेत. गाडीसकट पलीकडे नेतात आणि लांबलचक वळसा वाचतो. शेवटची फेरी किती वाजता हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. चार दिवसांना एक तालुका, फार तर दोन.

रेल्वे समुद्राला लागून जात नाही, आतून जाते. मालवण-तारकर्लीसाठी कुडाळ, गणपतीपुळ्यासाठी रत्नागिरी, गुहागरसाठी चिपळूण, दापोलीसाठी खेड. पुढे रिक्षा किंवा एसटी. तिकीट ६० दिवस आधी खुलतं, तेव्हा खोलीच्या आधी तिकीट काढा, खोली मागाहून मिळते. पावसाळी वेळापत्रकात गाड्या सावकाश धावतात, त्या दिवसांत पोचल्या पोचल्या सकाळची बोट गाठायचा बेत करू नका.

होमस्टेला हॉटेल समजणं

रात्री साडेनऊला फिरून आल्यावर "काकू, जेवायला काय आहे?" असं विचारलंत तर काकू डाळ-भात वाढतीलही, पण मनात काय म्हणतील ते विचारू नका. मासे सकाळी बाजारातून येतात. कोण काय खाणार हे आदल्या रात्री किंवा सकाळी चहाच्या वेळी सांगून टाका, आणि आठ-साडेआठला पानावर बसा. गावात त्यानंतर सामसूम असते. रात्रीचं जीवन शोधत असाल तर तुम्हाला गोव्याचं तिकीट काढायला हवं होतं.

एक शाकाहारी आणि एक मासेखाऊ असं जोडपं असेल तर भांडण जेवणावरून होतं, हे लिहून ठेवा. मालवणी खानावळीत शाकाहारी माणसाला बटाट्याची भाजी देऊन वाटेला लावतात. त्यापेक्षा होमस्टेच्या वहिनींना आधी सांगा: ओल्या काजूगरांचा हंगाम असेल तर उसळ, एरवी काळ्या वाटाण्याचं सांबारं, कुळथाची पिठी, घावणे, सोलकढी. मग मासेखाऊच दुसऱ्याच्या ताटात हात घालेल. गुहागर, केळशी, आंजर्ले भागात शाकाहारी घरगुती खानावळी चांगल्या आहेत, उकडीचे मोदक सांगून ठेवले तर मिळतात. बिनमाशाच्या माणसाची तिथे चैन होते.

लग्न झालेलं नसेल तर बुकिंगच्या फोनवरच स्पष्ट विचारा. दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत राहायला कायद्याची बंदी नाही, पण घर त्यांचं आहे आणि काही घरांत नाही म्हणतात. रात्री दारात उभं राहून ते ऐकण्यापेक्षा आधी ऐकलेलं बरं. ओळखपत्रं दोघांचीही लागतात. वेळासला कासवांच्या हंगामात जाणार असाल तर एकांताची अपेक्षा घरीच ठेवून जा. तिथे गावातली घरंच पाहुण्यांना सामावून घेतात. पिल्लं त्या दिवशी घरट्यातून बाहेर येतील याचीही हमी कुणी देऊ शकत नाही.

'स्कूबा पाच मिनिटांचं, त्यात काय!'

सर्दी असेल, कान दुखत असेल तर स्कूबा रद्द करा. नाक बंद असताना कानातला दाब सारखा करता येत नाही आणि पडद्याला इजा होते. दमा, हृदयविकार, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाव घेऊ नका. फॉर्मवर हे लपवण्यात शौर्य नाही. दोघांपैकी एकाला भीती वाटत असेल तर दुसऱ्याने "चल गं, काही होत नाही" करत ओढून नेऊ नये. वर बोटीत बसून लाटा बघण्याचे पैसे कुणी मागत नाही. परतीचं विमान चिपी किंवा मोपावरून असेल तर डुबकी शेवटच्या दिवशी ठेवू नका: एकदाच उतरला असाल तर उड्डाणाआधी किमान १२ तास जाऊ द्या, जास्त वेळा उतरला असाल तर १८.

स्वस्त पॅकेजमध्ये पाच राइड असतात, प्रत्येक किती मिनिटांची ते लिहिलेलं नसतं. ते विचारा, आणि पाण्याखालच्या व्हिडिओचे पैसे वेगळे का तेही. बोट खचाखच भरलेली असेल किंवा लाइफ जॅकेट कमी असतील तर चढू नका, आगाऊ रक्कम बुडाली तरी. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले.

बिघडलंच तर

पाण्यात ओढले जाताय असं वाटलं तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका, दमून जाल. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा, ओढ सुटली की मग आत या. पोहता येत नसेल तर उताणे तरंगत हात वर करा. दुसऱ्याने मागोमाग उडी मारू नये. दोरी, रिकामा कॅन, नारळाची झावळी, जे तरंगेल ते फेकावं आणि कोळ्यांना हाक मारावी.

गाडी वाळूत रुतली तर एक्सलरेटर दाबू नका, आणखी खाली जाते. चाकांतली हवा थोडी कमी करा, पुढची वाळू उकरा, झावळ्या घाला आणि गावातला ट्रॅक्टर बोलवा, भरतीच्या आधी. मुळात किनाऱ्यावर गाडी न्यायचीच नसते, पोलीस गुन्हा नोंदवतात. रीलसाठी नेली असेल तर ट्रॅक्टरवाला सांगेल ते भाडं मुकाट्याने द्या.

नेटवर्क गेलं तर युपीआयही गेलं. एटीएम मालवण बाजारपेठेत असतात, भोगव्याला उतरल्यावर शोधायचे नसतात. दोघांच्या पाकिटात वेगवेगळी थोडी रोख ठेवा.

वारा सुटला आणि बोटी बंद झाल्या तर धक्क्यावर उभं राहून बोटवाल्याशी वाद घालू नका, तो तुमच्या भल्याचंच करतोय. सावंतवाडीला जा: राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते, बघायला मिळतात, चितारआळीत लाकडी खेळणी. नाहीतर धामापूरचा तलाव, किंवा आरवलीचा वेतोबा, जिथे देवाला नवसाच्या भल्यामोठ्या चपला आणि केळ्यांचे घड वाहतात. संध्याकाळी मालवणात परतलात की दुसऱ्या दिवशीच्या वाऱ्याची चौकशी धक्क्यावरच करा. मोबाइलमधल्या अंदाजापेक्षा तिथे जाळी विणत बसलेल्या माणसाचा अंदाज बरोबर निघतो, आणि तो नाही म्हणाला तर पैसे परत मागण्यासाठी पावती जपून ठेवलेली असू दे.