तिलापियाचे एकलिंगी बीज : संप्रेरकयुक्त खाद्य कसे करावे आणि कसे द्यावे

संप्रेरक दिले की मासा झपाट्याने वाढतो, असा समज तळ्यावर सर्रास ऐकू येतो. तिलापियाच्या बाबतीत तो अर्धाच खरा आहे. उजनीकाठी ज्याला चिलापी म्हणतात, त्या माशाची मादी अंडी व पिले तोंडात सांभाळते, त्या काळात फारसे खात नाही आणि लहान वयातच वीण सुरू करते, त्यामुळे तळे बारीक पिलांनी भरून खाद्य त्यांच्यातच वाटले जाते. नर मुळातच वेगाने वाढतो. म्हणून १७ अल्फा-मिथाइल टेस्टोस्टेरॉन या नर-संप्रेरकाने पिलांना नर बनवतात आणि वाढ त्यातून मिळते; मोठ्या माशाला हे खाद्य घालणे म्हणजे निव्वळ पैशांची नासाडी होय.

हे काम परवानाधारक बीज केंद्राचे आहे. आपल्याकडे तिलापिया संवर्धनालाही परवानगी लागते, आणि शेततळ्याच्या मालकाने तयार बीज घेणेच शहाणपणाचे.

पोटाखालचा बलक संपवून नुकतीच पोहू लागलेली, ९ ते ११ मिलिमीटर लांबीचीच पिले घ्यावीत. १४ मिलिमीटरवरची पिले चाळून बाजूला काढावीत, कारण त्यांचे लिंग बहुधा ठरून गेलेले असते. १ किलो बारीक दळलेल्या, प्रथिनयुक्त खाद्यासाठी ६० मिलिग्रॅम संप्रेरक पुरेशा इथाइल अल्कोहोलमध्ये विरघळवावे, ते खाद्यात एकजीव कालवावे आणि अल्कोहोल उडेपर्यंत सावलीत पसरून ठेवावे. उन्हात वाळवल्यास संप्रेरकाची ताकद जाते. उरलेले खाद्य शीतपेटीत, अंधारात ठेवावे. हातमोजे व मुखपट्टी वापरावी, आणि गरोदर स्त्रियांना या कामापासून दूर ठेवावे.

हे खाद्य २१ ते २८ दिवस, दिवसातून किमान ४ वेळा, सुरुवातीला दिवसभरात मिळून पिलांच्या वजनाच्या २० ते ३० टक्के या प्रमाणात द्यावे व पुढे प्रमाण कमी करत जावे. पाण्यात शेवाळ किंवा प्लवंग (तरंगणारे सूक्ष्म जीव) भरपूर असल्यास पिले त्यावरही पोट भरू शकतात आणि मात्रा अपुरी पडण्याची शक्यता असते, म्हणून स्वच्छ पाण्यातल्या हापा (पाण्यात बांधलेले बारीक जाळीचे पिंजरे) किंवा टाक्या बऱ्या. टाकीचे पाणी थेट ओढ्यात सोडू नये.

पुढे पिले थोडी मोठी झाल्यावर नमुन्यातील जननग्रंथी ॲसिटोकार्माइन या रंगद्रव्याने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्यात. ९५ टक्क्यांहून कमी नर निघाले, तर मात्रेला दोष देण्याआधी वेगवेगळ्या वयाची पिले एकत्र मिसळली होती का, हे तपासावे.