कम्युनिटी कॉलेजच्या टीममध्ये खेळायचंय? आधी एवढं बघा

अमेरिकेत हायस्कूल संपताना मोठ्या युनिव्हर्सिटीच्या कोचचा फोन नाही आला की घरात सगळे धरून चालतात की आता खेळ सुटला, पण तसं अजिबात नाहीये, कम्युनिटी कॉलेजमधून, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजमधून, खेळत पुढे मोठ्या युनिव्हर्सिटीत जाता येतं. अमेरिकन फुटबॉलचा स्टार क्वार्टरबॅक एरन रॉजर्सलाही कुठल्या मोठ्या युनिव्हर्सिटीने स्कॉलरशिप दिली नव्हती, तो ब्यूट या कम्युनिटी कॉलेजमध्ये एक सीझन खेळला आणि तिथून बर्कलीच्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात गेला.

सगळ्यात आधी कॉलेज कुठल्या डिव्हिजनमध्ये आहे ते बघा. बरीचशी कॉलेजं एनजेसीएए या दोन वर्षांच्या कॉलेजांच्या खेळ संघटनेत येतात. डिव्हिजन 1 मध्ये फी, पुस्तकं, राहणं-जेवण सगळं स्कॉलरशिपमध्ये बसू शकतं, 2 मध्ये राहण्या-जेवणाचा खर्च आपला, आणि 3 मध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच. आणि एकाच कॉलेजचे वेगवेगळे खेळ वेगवेगळ्या डिव्हिजनमध्ये असू शकतात, म्हणून आपल्याच खेळाचं विचारा. कॅलिफोर्नियाचं सगळं वेगळं, तिथे स्पोर्ट्स स्कॉलरशिप नाही पण तिथल्या रहिवाशांना फी युनिटमागे, म्हणजे क्लासच्या एका क्रेडिटमागे, फक्त 46 डॉलर आहे.

मग कोचला स्वतः मुलाने किंवा मुलीने मेल करायचा, आईबाबांनी नाही. चार ओळी, खेळतानाचा छोटा व्हिडिओ, मार्कांचा ट्रान्सक्रिप्ट, बास. उत्तर नाही आलं तर वॉक-ऑन ट्रायआऊट, म्हणजे न बोलावलेल्यांसाठीची निवड चाचणी, कधी आहेत ते विचारा.

आता खरं महत्त्वाचं म्हणजे क्रेडिट्स (प्रत्येक क्लासला ठरावीक क्रेडिट्स असतात, साधारण 3), आणि इथेच चांगली चांगली मुलं अडकतात. सीझनमध्ये 12 क्रेडिट्स चालू असावीच लागतात, म्हणजे बरोबर 12 घेतली आणि गणित जड जातंय म्हणून मधेच तो क्लास सोडला की 9 वर आलात, लगेच टीमच्या बाहेर. म्हणून सुरुवातीलाच 15 घ्या, एखादा क्लास सोडायची वेळ आली तरी निभावतं. पुढे एनसीएएच्या, म्हणजे चार वर्षांच्या युनिव्हर्सिटींच्या खेळ संघटनेच्या, डिव्हिजन 1 ला जायचं असेल तर ट्रान्सफर होणाऱ्या क्रेडिट्समध्ये 2.5 जीपीए (4 पैकी सरासरी ग्रेड) लागतो, त्यात वेट ट्रेनिंगसारख्या पीईच्या (शारीरिक शिक्षणाच्या) क्लासची जास्तीत जास्त 2 क्रेडिट्स धरतात. त्यामुळे सोपे क्लास भरून जीपीए वाढवायचा विचार करू नका, पहिल्या सेमिस्टरलाच ट्रान्सफर काउन्सेलरला भेटून प्रत्येक क्लास पुढे चालतो का ते विचारून घ्या.

माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा पैशांचाही नाही. कम्युनिटी कॉलेजात बरीच मुलं क्लास झाला की गाडी काढून घरी जातात, कुणाशी ओळखच होत नाही, टीममध्ये असलं की रोज भेटणारी माणसं मिळतात आणि मार्क घसरले की कोच विचारतो, काही ठिकाणी तर स्टडी हॉल कंपल्सरी असतो. आणि पहिल्याच वर्षी मैदानात उतरायला मिळतं, मोठ्या टीममध्ये ते वर्ष बेंचवर जाऊ शकतं.

कॉलेज नक्की करायच्या आधी कोचला एक प्रश्न जरूर विचारा, मागच्या दोन वर्षांतले तुमचे खेळाडू पुढे कुठे गेले आणि त्यातल्या किती जणांनी डिग्री पूर्ण केली? चांगला कोच नावानिशी सांगतो.